पेट्रोलपंपावरचा प्रश्न

कतारमध्ये मेसईदहून दोह्याला जाणाऱ्या बसमध्ये मराठी कानावर पडलं, तशा नयनाताई सावरून बसल्या. पुढच्या सीटवर सुमैया नावाची मुलगी वडिलांना हातातल्या इंग्रजी कादंबरीबद्दल सांगत होती.

"अब्बा, यातला नायक गाडी घेऊन अख्खी अमेरिका फिरतो. जन्मला तिथंच, पण आईबाप आपल्याकडचे. प्रत्येक पेट्रोलपंपावर विचारतात, तू कुठला?"

"मग?"

"दर वेळी वेगळं गाव सांगतो."

"खोटं?"

"तुम्ही नाही इथं सगळ्यांना बॉम्बे सांगत?"

"दापोली कोणाला ठाऊक आहे इथं?"

"आणि कॉलेजसाठी पुण्याला गेल्यावर हॉस्टेलवर मला विचारलं तर? दापोलीला मी फक्त सुट्टीत गेलेय."

वडिलांनी तिच्या हातातली कादंबरी घेऊन उलटून पाहिली.

"हा शेवटी काय सांगतो?"

"अजून वाचायचंय."

"मग वाच, नि आपल्या भाषेत सांगत जा. मलाही कळू दे."

पुढचं ऐकू यावं म्हणून नयनाताई हळूच पुढे सरकल्या.