पायावर पाय

बाळंतपणानंतरचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. तान्हं बाळ आजीच्या मांडीवर झोपलं होतं.

“एवढ्या तेवढ्यासाठी कुणी दवाखाना गाठतं का? शिंकताना थोडं होतंच सगळ्यांना.”

“थोडं? काल ऑफिसात खोकला आला आणि खुर्ची ओली झाली, आई.”

“येतोय असं वाटलं, की लगेच पायावर पाय घ्यायचा. जरा पुढे वाकायचं. कुणाला कळतसुद्धा नाही.”

“तुला कसं माहीत?”

“असतं माहीत.”

“तू अजून तसं करतेस?”

“हळू बोल, बाळ उठेल.”

“माझ्या लग्नात सगळे नाचले. तू खुर्चीतून हलली नाहीस.”

“गुडघे दुखत होते.”

“तुझे गुडघे ठणठणीत आहेत. आणि काकांनी विनोद सांगायला घेतला, की तू उठून आत जातेस.”

“भाऊजींचे विनोद तसलेच असतात.”

“चांगले असतात गं. आम्ही म्हणायचो, आईला हसण्याचं वावडंच आहे.”

“ऐकलंय मी ते. मोरीतून सगळं ऐकू येतं. तिथेच हसून घ्यायचे मी.”

“आई...”

“चला, आता कुणाचा नंबर?” व्यायामवाल्या बाई दारात आल्या.

“आमचा. दोघींचा.”

“अगं, मला कशाला उगीच—”

“ऊठ तू.”

“दोघींना त्रास आहे? बरं. कधीपासून?”

“मला बाळ झाल्यापासून.”

“आणि आजी, तुम्हाला?”

“मलाही बाळ झाल्यापासूनच. हे काय, ही उभी आहे.”