टोपलीतली पवित्र भाकर

(ग्वातेमालाचा डोंगराळ मुलूख, १९८२. लष्कराच्या धाकानं ख्रिस्ती देवळं बंद पडलेली. मक्याच्या उंच शेतात लपून राहिलेला धर्मशिक्षक हासिंतो. डोंगर ओलांडून नुकतीच परतलेली त्याची मुलगी पेत्रोना.)

हासिंतो : आधी पाणी पी, मग सांग. फादर भेटले?

पेत्रोना : भेटले. प्रार्थनेत वाटायला पवित्र भाकर दिलीय त्यांनी. टोपलीच्या तळाशी, फडक्यात. वर मक्याच्या पानांत उकडलेले तमाल होते.

हासिंतो : होते म्हणजे?

पेत्रोना : चौकीवर शिपायांनी खाल्ले. वर म्हणतात, तिखट कमी पडलं. मेले!

हासिंतो : चौकी? अगं, ओढ्याच्या वाटेनं ये म्हणून कितीदा बजावलं होतं!

पेत्रोना : ओढ्यावरच बसलेत आता, शेकोटी पेटवून. सार्जंटचा हात फडक्याला लागला. म्हणाला, हे काय? म्हटलं, भाकर आहे, गावासाठी.

हासिंतो : शाबास. खोटंही नाही आणि...

पेत्रोना : थांबा ना बाबा. मग विचारलं, तू त्या प्रार्थनावाल्यांतली का?

हासिंतो : आपलं ठरलं होतं. स्पॅनिश कळत नाही असं दाखवायचं.

पेत्रोना : आपल्याच बोलीत विचारलं त्यानं. आपल्याकडचाच होता कुणीतरी.

हासिंतो : मग?

पेत्रोना : हो म्हटलं.

हासिंतो : पेत्रोना!

पेत्रोना : हळू! आवाज जाईल खाली.

हासिंतो : घरात जपमाळ सापडली म्हणून गावातल्या लोरेन्सोला शिपायांनी नेलं, अजून पत्ता नाही त्याचा. विसरलीस?

पेत्रोना : नाही विसरले. पण समोर ती शेकोटी... 'येशूला मी ओळखत नाही' म्हणत शेकोटीपाशी नाकबूल गेलेल्या शिष्याची गोष्ट आठवली. तुम्ही त्यातल्या कोंबड्याचा आवाज काढायचात नि मी हसायचे.

हासिंतो : हसायचीस? अख्खा वर्ग उधळायचीस! 'श्रद्धेबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला सदा तयार राहा' म्हटलं की विचारायचीस, अंघोळ करून का?

पेत्रोना : मला वाटायचं, तयार राहणं म्हणजे काहीतरी मोठं असणार. तिथं कळलं, एका शब्दाचं काम होतं.

हासिंतो : आणि तेवढ्यावर सोडलं तुला? डोक्याचा रुमाल एवढा घट्ट का बांधलायस? सोड बघू.

पेत्रोना : राहू द्या.

हासिंतो : सोड म्हणतो ना!

पेत्रोना : ...सुऱ्यानं कापली. म्हणाला, जा, दाखव तुझ्या देवाला.

हासिंतो : माझ्या पोरीची वेणी...

पेत्रोना : रडता काय? केस काय, वाढतील. वेणी एकमेकांकडे फेकत हसत बसले सगळे, फडकं विसरलेच. मी टोपली उचलली नि निघाले. पळाले नाही हां, बाबा. चालत आले.

हासिंतो : आईवर गेलीस. तीही अशीच ताठ. तुझ्या जागी मी असतो तर काय बोललो असतो, कोण जाणे.

पेत्रोना : तुम्हीच तर शिकवलंत.

हासिंतो : शिकवायला काय लागतं गं!

पेत्रोना : चला, लोक खोळंबलेत. भाकर घ्यायची म्हणून म्हातारी कातारिना सकाळपासून उपाशी असेल. घ्या टोपली.

हासिंतो : नको, तूच धर. आज भाकर तू द्यायचीस. गाव निवडेल त्यानं द्यावी, असं फादरांनीच सांगितलंय.

पेत्रोना : मला? गावानं कुठं निवडलंय? देताना म्हणायचे शब्दसुद्धा नीट येत नाहीत मला!

हासिंतो : येतील. गावाला मी सांगतो, ही माझी मुलगी, आणि ही कुठून कशी आली ते.

पेत्रोना : आणि तुम्ही?

हासिंतो : मी रांगेत उभा राहतो. कातारिनाच्या मागे.