साखळी : पाहू दिली नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, लांबून आलेले प्रमुख पाहुणे, जिच्यासाठी आपण जमलो ती आमची ताई, तिचे यजमान, दोघी लेकी, आणि जेवणाची वेळ टळत चालली तरी जागा न सोडणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आपण सगळे मान्यवर ज्या व्यासपीठावर बसला आहात, ते मी माझ्या हातांनी केलं आहे. माल रचायच्या, बाद झालेल्या सत्तावीस लाकडी पॅलेट्सचं. एकही खिळा वर आलेला नाही, पाय फिरवून बघा. हा माइकचा स्टँडही मीच केला. त्याचं बूड म्हणजे झिजलेला ब्रेक ड्रम. गोदामाच्या वळणावरचा गोल आरसा आणि किल्ल्यांचा फळाही माझाच. शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं यंत्रं उघडून उघडून शिकलो. माझ्या पाठीमागे तुम्ही मला ‘बिनकागदाचा इंजिनिअर’ म्हणता हे मला ठाऊक आहे. तोंडावर म्हणालात तरी माझी ना नाही. पण आज ताई निवृत्त होतेय, बोलायचंय तिच्याबद्दल.

बावीस वर्षं तिनं इथं फोर्कलिफ्ट चालवली. पण चालवताना तिला सगळ्यांनीच पाहिलंय. मी तिला चालवण्याआधी पाहिलंय. सकाळी पावणेसातला गोदामात कोण असतं? छतातल्या पारदर्शक पत्र्यांतून दुधासारखा उजेड खाली उतरत असतो, धूळ जागच्या जागी तरंगत असते, आणि यंत्रं अजून झोपेत असल्यासारखी वाटतात. ताई संध्याकाळी यंत्राखाली एक पुठ्ठा सरकवून जायची. सकाळी तो उजेडात धरून तेलाचे डाग वाचायची. एकच ठिपका असला तर गप्प. ठिपक्याला शेपूट फुटलं असेल तर मला हाक मारायची, “भाऊ, आज ढग आलाय.” मग टायर, माल उचलणारे फोर्क, ब्रेक, हॉर्न, शेवटी फोर्क वर ओढणाऱ्या साखळ्या. साखळीवरून नजर अशी सावकाश वर न्यायची, जणू कुणी तिला दूरच्या डोंगरावरची वाट दाखवत होतं. अकरा मिनिटं लागायची. बाकीच्यांना दोन. बाकीचे म्हणजे कोण, ते मागच्या रांगेत हसतायत त्यांना विचारा.

तपासणीच्या कागदावर प्रत्येक भागापुढे ‘ठीक’ लिहायचं असतं. ताईनं ते कधीच लिहिलं नाही. ती लिहायची, ‘पाहिलं’. साहेबांनी तिला बोलावून खडसावलं, की कागदात हा शब्दच नाही. ती म्हणाली, “साहेब, ठीक आहे की नाही ते दिवसभरात यंत्र सांगेल. मी पाहिलं, एवढंच मला खात्रीनं सांगता येतं.” तेव्हापासून तिचं नाव पडलं पाहिलं-ताई. त्या नावावरून हसण्यात माझाही आवाज होता, आणि तो सगळ्यांत मोठा होता.

आता अध्यक्ष महोदय, दोन मिनिटं जास्त घेतो.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या यंत्राच्या साखळ्या मी आदल्या दिवशी नव्या बसवल्या होत्या. सकाळी दारात दोन ट्रक उभे. ताई सवयीनं साखळीकडे मान वर करायला लागली आणि मी मध्ये उभा राहिलो. म्हणालो, “माझ्या हातच्या कामावर पुन्हा नजर फिरवायची? बस आणि चालव.” तिनं वाद घातला नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि चढली.

तासाभरानं एका बाजूची साखळी निसटली. फोर्क कलला आणि काचेच्या बरण्यांचं अख्खं पॅलेट खाली आलं. पण कुठून? गुडघ्याएवढ्या उंचीवरून. त्या सकाळी तिनं एकदाही भार गुडघ्याच्या वर उचलला नव्हता. वरच्या फळीचं काम तिनं मागे ठेवलं होतं, ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. शेजारी हमाल उभा होता, त्याच्या पायाला ओरखडासुद्धा आला नाही. बऱ्याच बरण्या फुटल्या आणि उरलेल्या त्या पांढऱ्या उजेडात घरंगळत राहिल्या, कितीतरी वेळ. अजूनही डोळा लागता लागता मला त्या दिसतात. त्यांचा आवाज येत नाही, नुसत्या घरंगळतात.

साखळीचा खिळा जागेवर धरायला एक कॉटर पिन लागते, करंगळीएवढी. ती माझ्या शर्टाच्या खिशात होती.

ताईनं वर पाहिलं असतं तर तिला ते रिकामं भोक दिसलं असतं. कागदावर साखळीपुढे तिनं लिहिलं होतं : ‘पाहू दिली नाही’. कुणी, ते लिहिलं नव्हतं. चौकशीतही तिनं माझं नाव घेतलं नाही. म्हणाली, कागदात आहे तेवढंच माझं म्हणणं. बाहेर आल्यावर माझ्यापाशी थांबली आणि विचारलं, “भाऊ, उद्यापासून बघू द्याल ना?”

आज हे पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलतोय. ताई, तू मान खाली घालू नकोस, ती मी घालायची आहे. तुझ्या यजमानांचे आभार, त्यांनी बावीस वर्षं पहाटे तुझा डबा भरून दिला. समितीचे आभार, मला बोलायला उभं केल्याबद्दल. यंत्रं जुळवणारा माणूस मी, वाक्यं जुळवताना एखादा नट ढिला राहिला असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या.

आणि एक राहिलं, त्या चौकशीच्या वेळचं. चूक दुरुस्ती करणाऱ्याची ठरली तर भरपाई कंपनीच्या खिशातून जाणार होती, चालकाची ठरली तर विम्यातून, आणि चालकाला घरी पाठवायचं ठरलं होतं. तेव्हाचे मोठे साहेब, जे आज इथं नाहीत, त्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. म्हणाले, ताईचा तो कागद फाडायचा, त्याच तारखेचा नवा लिहायचा, साखळीपुढे ‘पाहिली’ एवढं टाकायचं आणि खाली साक्षीला माझी सही. बदल्यात वर्कशॉपचं प्रमुखपद, आणि रोख सव्वादोन लाख.

मी नको म्हणालो.