फ्लेक्सवरचा मॅनेजर

(रहाटणीतल्या घरात भिवा आणि चिमाबाई फोनच्या पडद्यासमोर बसले आहेत. पलीकडे जर्मनीतून त्यांचा मुलगा धम्मपाल, ग्रुपवर आलेला फ्लेक्सचा नमुना बघतो आहे.)

धम्मपाल : आप्पा, हे अंग माझं नाहीये.

भिवा : मुंडकं तर तुझंच हाय ना? मग झालं.

धम्मपाल : मुंडकं माझ्या लग्नातलं आहे. केसात फुलाची पाकळी अडकलेली दिसतेय. पण खालचा कोट कुणाचा? आणि बोटात या एवढ्या अंगठ्या?

भिवा : फ्लेक्सवाल्याकडं तयार अंगं असतात. एक फेट्यातलं, एक पांढऱ्या शर्टातलं, एक कोटातलं. मी कोटातलं घेतलं. मॅनेजरला शोभलं पाहिजे.

चिमाबाई : हेच अंग मागं मालोजीच्या भाच्याच्या वाढदिवसाला चौकात लागलं हुतं. म्या अंगठ्यांवरनं वळखलं.

भिवा : तू गप गं. त्याला चष्मा हुता, ह्याला न्हाई. कुणाच्या ध्यानात येत न्हाई.

धम्मपाल : आणि मॅनेजर कोण, आप्पा? मी वाचून दाखवतो. 'जर्मनी येथील नामांकित कंपनीत प्लांट मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल धम्मपाल यांचा रविवारी विहारात सपत्नीक सत्कार. शुभेच्छुक, निवृत्त कामगार मित्रमंडळ, रहाटणी.' मी कुठल्या प्लांटचा मॅनेजर आहे?

भिवा : हळू बोल. खिडकी उघडी हाय.

धम्मपाल : मी चाकणची नोकरी सोडून मिनलबरोबर इथे आलो. तिची बदली झाली म्हणून. ती रोज कंपनीत जाते आणि मी घरी आमच्या साक्षीला सांभाळतो. हे तुम्हाला माहीत आहे ना?

भिवा : मला माहीत हाय. मंडळाला कशाला माहीत पाहिजे?

चिमाबाई : धम्मा, तू इचार त्यांना हे झालं कसं. लई गंमत हाय. ते सांगायचे न्हाईत, मीच सांगते. बागेत हे सगळे म्हातारे बाकड्यावर बसलेले. मालोजीनं बुंदीचे लाडू आणले. म्हणला, आमचा पोरगा हिंजवडीत टीम लीडर झाला. झालं. ह्यांनी लाडू तोंडात घातला, आणि गिळायच्या आत म्हणले, आमचा धम्मा तिकडं प्लांट मॅनेजर झाला.

धम्मपाल : आप्पा.

भिवा : तोंडातनं गेलं. मालोजी लाडू देताना माझ्याकडं कसा बघत हुता तुला काय माहीत. म्हणला, तुमच्या धम्माचं काय चाललंय, काही कळत न्हाई. फोटोत सारखं पोर काखेत असतं.

चिमाबाई : मग सांगायचं हुतं की, पोर सांभाळतो म्हणून काखेत असतं.

भिवा : तू जाऊन सांग त्या बाकड्यावर. मग बघ.

धम्मपाल : पण ही गोष्ट फ्लेक्सपर्यंत कशी गेली?

भिवा : मी कुठं नेली? मंडळाच्या सोनबानं नेली. मंडळाच्या सत्काराला यंदा परदेशातलं कुणी घावत नव्हतं. पलीकडच्या मंडळानं गेल्या वेळी दुबईवाला आणला हुता, तवापासनं सोनबाच्या मनात हुतं. आता माघार घेतली तर माझी काय इज्जत राहती?

चिमाबाई : आधी जेवढी हुती तेवढी.

भिवा : हे बघ धम्मा, मी सगळा प्लॅन करून ठेवलाय. तुला फक्त बसायचंय. रविवारी सकाळी विहारातल्या मोठ्या टीव्हीवर तुझा व्हिडिओ कॉल लावणार. तू त्या पांढऱ्या भिंतीपुढं बस. मागं ते लंगोटं वाळत घातल्यालं स्टँड हाय, ते हलव. टाय लाव. पाच मिनटात काम फत्ते.

धम्मपाल : आणि साक्षीला कुठे ठेवू? त्या वेळेला इथे पहाट असते, मिनल झोपलेली असते, आठवडाभर दमते ती. साक्षी पहाटे उठली की माझ्याच अंगावर असते.

भिवा : पाळणाघर असतंय की तिकडं.

धम्मपाल : आप्पा, वर्षापासून नंबर लावलाय. अजून चिठ्ठी येते, तुमचा विचार चालू आहे म्हणून.

भिवा : नगरसेवकाला भेटला न्हाईस का?

धम्मपाल : इथे तसं चालत नाही.

भिवा : मग काय कामाचा तो देश.

चिमाबाई : अवो, रविवारी सोनबा प्रश्न इचारणार हाय. युनियनचा माणूस, त्याला माईक मिळाला की सोडत न्हाई. पोराची तयारी तरी करून घ्या. मी इचारते. हं धम्मा, मी सोनबा. साहेब, सकाळी प्लांटला गेल्यावर पहिलं काम काय करता?

धम्मपाल : पहिल्यांदा डायपर बदलतो.

भिवा : चिमे.

चिमाबाई : त्यांच्याकडं लक्ष देऊ नका साहेब. मग?

धम्मपाल : मग नाचणीची पेज. निम्मी साक्षीच्या पोटात, निम्मी माझ्या शर्टावर. मग भांडी. मग कचरा. इथे कचऱ्याचे चार डबे असतात, चुकीच्या डब्यात कागद टाकला तर खालच्या मजल्यावरची आजी काठी घेऊन जिना चढून येते.

चिमाबाई : हाताखाली किती माणसं, साहेब?

धम्मपाल : एक. ती पण ऐकत नाही.

भिवा : हसा. दोघं मिळून हसा. मी हितं फासावर चाललोय आणि तुमचं नाटक चालू हाय.

धम्मपाल : आप्पा, शनिवारी लायब्ररीत लहान मुलांना गाणी शिकवतात. सगळ्या आया असतात, बाप मी एकटाच. गोल करून बसतो, टाळ्या वाजवत म्हणतो.

भिवा : जर्मनमधी?

धम्मपाल : जर्मनमध्ये. बेडकाचं गाणं आहे, उड्या पण माराव्या लागतात.

भिवा : हे रविवारी बोलू नको. मी हात जोडतो. बाकी काय बी बोल, बेडूक नको.

धम्मपाल : मी रविवारी फोनच लावणार नाहीये.

भिवा : का?

धम्मपाल : खोटं बोलता येत नाही मला. आणि मिनलनं हा फ्लेक्स बघितलाय.

भिवा : तिला कशाला दाखवलास?

धम्मपाल : तुम्ही फॅमिली ग्रुपवर टाकलाय, आप्पा. आधी खूप हसली. अंगठ्या बघून तर डोळ्यांतनं पाणी आलं तिच्या. मग म्हणाली, माझं नाव कुठे आहे यात?

भिवा : सपत्नीक लिहिलंय की.

चिमाबाई : सपत्नीक. म्हणजे ज्या पोरीनं परीक्षा दिल्या, जिला कंपनीनं इमानात बसवून नेलं, जिच्या पगारावर ते घर चालतंय, तिचं नाव सपत्नीक. आणि जो बेडकागत उड्या मारतो त्याला कोट.

भिवा : मी काय मुद्दाम केलं? सगळ्या फ्लेक्सवर तसंच असतंय.

चिमाबाई : असतंय, खरंय.

धम्मपाल : ती तुमच्याबद्दल वाईट काही बोलली नाही. पण मला फार लागलं ते. तिचं श्रेय मी घेऊन टीव्हीवर बसू?

भिवा : आणि खरं सांगितलं तर काय म्हणतील? बायकोच्या जिवावर बसलाय म्हणतील. इंजिनियर करून काय झालं, पोरं धुतोय म्हणतील. मला काय बी म्हणू दे, मी ऐकून घीन. तुला कुणी हसलं तर मला सहन व्हायचं न्हाई. मी मालोजीच्या अंगावर जाईन, सांगून ठेवतो.

चिमाबाई : मी जन्मभर तुमच्या जिवावर बसले. मला कोण हसलं न्हाई.

भिवा : तू कुठं बसली? पहाटे उठून माझा डबा, पोराची शाळा, पाण्याची लाइन, सगळं तूच...

चिमाबाई : बोला की पुढं.

भिवा : येगळं हाय ते.

चिमाबाई : काय येगळं हाय?

भिवा : धम्मा, तुझ्या आईला कळत न्हाई. तू सांग. खरं सांग मला. तुला लाज वाटत न्हाई?

धम्मपाल : कामाची नाही वाटत. तुम्हाला वाटते, त्याचं वाईट वाटतं.

भिवा : करमतं का पण तिथं?

धम्मपाल : रोज नाही करमत. काही दिवस असे जातात की दुकानातल्या बाईशी सोडून मोठ्या माणसाशी एक शब्द बोललेला नसतो. चाकणची आठवण येते. चहाची टपरी, शिफ्ट सुटल्यावरचा गोंधळ. मिनल दमून येते, तिला मी काय सांगणार, आज मुगाची खिचडी खाल्ली म्हणून? कधी कधी वाटतं, परत कुणी नोकरीला उभं तरी करेल का मला. पण साक्षी पडली ना, की ती बाकीच्या सगळ्यांना ओलांडून माझ्याकडे पळत येते. मिनल शेजारी असली तरी. तेव्हा दुसरं काही नको वाटतं.

भिवा : तू माझ्याकडं कधी आला न्हाईस असा.

चिमाबाई : यायचा.

भिवा : न्हाई. मला आठवत न्हाई.

चिमाबाई : तुमाला कसं आठवंल? तुमी झोपल्यालं असायचा. रातपाळी करून यायचा, तोंडावर टॉवेल टाकून पडायचा. हा पडला, खरचटलं, की रडत तुमच्याकडंच पळायचा. मी दारात अडवायचे. म्हणायचे, आप्पा झोपलेत, आवाज करू नको. मग रडं गिळून माझ्या मांडीवर बसायचा.

भिवा : मला का न्हाई उठवलं?

चिमाबाई : मशिनवर डुलकी लागून एकाचा हात गेला हुता त्या साली. तुमची झोप महत्त्वाची हुती.

धम्मपाल : आई, कशाला आता.

चिमाबाई : त्यांनी इचारलं म्हणून सांगितलं.

भिवा : साक्षी कुठं हाय आत्ता?

धम्मपाल : झोपलीये. खांद्यावरच आहे, तुम्हाला तिचं डोकं दिसत नाही. मी हलत नाहीये म्हणून शांत आहे.

भिवा : तासभर तू तसाच उभा हायेस?

धम्मपाल : बसलो की उठते.

भिवा : आणि मी तुला टाय लाव म्हणतोय.

धम्मपाल : आप्पा, जाऊ द्या. मी रविवारी आजारी आहे म्हणून सांगा. फ्लेक्स एव्हाना छापला असेल ना?

भिवा : छापला असणार. उद्या चौकात लागतोय. आता काय करता येतंय.

चिमाबाई : न्हाई छापला.

भिवा : म्हणजे?

चिमाबाई : मी दुपारीच फोन केला फ्लेक्सवाल्याला. म्हणलं, मी सोनबाची मंडळी बोलती. मशिन थांबवा, सत्कारमूर्ती बदलणार हाय. आवाज जरा जाड काढला.

भिवा : तू सोनबाच्या बायकोचा आवाज काढला?

चिमाबाई : ती बारीक बोलती. पण त्याला काय माहीत.

धम्मपाल : आई, तू ग्रेट आहेस.

चिमाबाई : आता आजारी पडायचं कारण न्हाई. तो फ्लेक्सवाला पोरगा फोनची वाट बघत बसलाय. सात वाजता दुकान बंद करतो. काय छापायचं ते तुझ्या आप्पानं ठरवावं. मी मधी पडत न्हाई.

भिवा : मधी पडत न्हाई म्हणती. आण तुझा फोन हिकडं.

धम्मपाल : आप्पा, घाई करू नका. मंडळात आधी बोला. तुम्हालाच रोज त्या बाकड्यावर बसायचंय.

भिवा : बसीन की. बाकडं काय मालोजीचं हाय? तू लाइनवर ऱ्हा, हलू नको, पोरगी उठंल. हॅलो. जय भीम. भिवा बोलतोय, रहाटणी. धम्मपालचा फ्लेक्स. हां, तोच. ऐक नीट. वर सूनबाईचा फोटो घ्यायचा, मोठा. मिनल धम्मपाल. न्हाई, नुसतं सपत्नीक न्हाई, नाव पूर्ण. हुद्दा तिचाच, डिझाइन इंजिनियर. हां. कोट बिट काही नको, तिचा हाय तोच फोटो पाठवतो. मॅनेजर काढ. निवड बिवड सगळं काढ.

चिमाबाई : आणि धम्मा?

भिवा : सांगतोय की. खाली धम्मपालचा घे. पोर खांद्यावर घेतल्याला. धम्मा, फोन जरा लांब धर, पोरगी दिसू दे. आत्ताचाच पाठवतो, थांब. हुद्दा? लिही, घर आणि लेक सांभाळतो. न्हाई रे बाबा, चुकून न्हाई सांगत. सोनबाला मी बघतो. काय म्हणला? बारीक अक्षरात टाकू का?

धम्मपाल : टाकू दे त्याला बारीक, आप्पा. चालेल मला.

भिवा : न्हाई, न्हाई. बारीक नको. रस्त्यानं जाणाऱ्याला गाडीवरनं वाचता आलं पाहिजे.