तीनशे बारा चिठ्ठ्या

सभेच्या अध्यक्षा, आपल्या सगळ्यांच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. मानपत्र घेऊन मुद्दाम इथवर आलेले प्रमुख पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या गल्लीच्या मंडळाचे सेक्रेटरी, ज्यांना मी पंचवीस वर्षं नुसतं 'दादा' म्हणत आले. आणि समोर बसलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, शेजारणींनो, सगळ्यांना नमस्कार.

मागे ऐकू येतंय ना? बरं.

आजचा कार्यक्रम दुहेरी आहे. आपल्या गल्लीतल्या नाताळच्या रोषणाईला पंचवीस वर्षं झाली म्हणून दादांचा सत्कार, आणि घर विकून मी गाव सोडतेय म्हणून मला निरोप. पत्रिकेत माझ्यासाठी दोन मिनिटं लिहिली आहेत. दादा आताच कानात म्हणाले, "ताई, काकांच्या दोन गोड आठवणी सांगा आणि थांबा." आठवणी सांगते. थांबायचं कधी ते बाईंनी सांगावं. त्यांच्या शाळेत मी घंटेआधी कधी उठले नाही.

काका म्हणजे माझे बाबा. तरुण मंडळींसाठी सांगते, कोपऱ्यावर जळलेल्या मोटारी आणि पंखे रिवाइंड करून द्यायचं दुकान होतं, ते त्यांचं. पाहुण्यांनी मघाशी ज्या हरणांचं कौतुक केलं, त्या हरणांची शिंगं सायकलच्या हँडलची आहेत. सांताच्या गाडीची चाकं म्हणजे टेबलफॅनच्या जाळ्या. हरणं मान हलवतात ती जुन्या वायपरच्या मोटारीवर. चर्चच्या पायरीपासून आमच्या फाटकापर्यंत तीनशे बारा माळा, आणि त्यातली एकही विकत आणलेली नाही. भंगारातले बल्ब, कुठे सहा व्होल्टचे, कुठे बाराचे, कुठे आणखी कसले. प्रत्येक माळेचा हिशेब वेगळा. एखादी ट्रान्सफॉर्मरवर चालते, एखादी थेट. चुकीच्या जागी जोडली की फ्यूज उडतो. घाबरू नका, फक्त फ्यूजच उडतो. बाबांनी ते तसंच बांधलंय.

हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? होतं. निम्म्या गल्लीने त्या दुकानात बसून चहा प्यायलाय.

मग गेल्या वर्षी फाटकाजवळ जो बोर्ड लागला, तो आपण सगळ्यांनी वाचला ना? 'संकल्पना आणि निर्मिती', आणि खाली दादांचं नाव. अक्षरं सुबक होती. बाबांनीही वाचला. तेव्हा त्यांचे हात थरथरायचे, शिडीवर चढणं बंद झालं होतं, म्हणून ते खुर्ची टाकून खालून सांगत. वर्तमानपत्रवाले आले. दादा मुलाखतीत म्हणाले, "लहानपणापासूनचा छंद." मग फोटोची वेळ झाली आणि दादा बाबांकडे वळून म्हणाले, "काका, खुर्ची जरा आत घेता का? फोटोत येतेय."

बाबांनी ती खुर्ची स्वतः उचलली. थरथरत्या दोन्ही हातांनी. घरापर्यंत नेली. मी मागून चालत होते. दारात मला म्हणाले, "बरोबर बोलला तो. येतच होती मध्ये."

मार्चमध्ये बाबा गेले. त्यांच्या शोकसभेत दादांनी त्यांचा उल्लेख 'रोषणाईचे एक जुने हितचिंतक' असा केला. हितचिंतक! बाई, तुम्ही आम्हाला शब्द जपून वापरायला शिकवलंत. तुम्हीही त्या दिवशी पहिल्या रांगेत होतात.

नाही, पाणी नको. मी ठीक आहे.

तर मुद्द्यावर येते. गेल्या रविवारी दादा हातगाडी घेऊन आमच्याकडे आले. बावीस खोकी भरली. जाताना विचारलं, "सगळं आहे ना, ताई?" मी म्हणाले, "सगळं आहे, दादा. एक बल्बसुद्धा ठेवून घेतला नाही." ते खरं होतं. मी खोटं बोलत नाही.

मंगळवारी त्यांनी जोडणी सुरू केली. तीनदा फ्यूज उडाला. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो अर्धा तास खोकी उलटीपालटी करून म्हणाला, "ज्याने केलंय त्यालाच विचारा." मग दादांचा मला फोन आला.

"ताई, या वायरींना काही खुणा नव्हत्या का हो?"

"संकल्पना तुमची, निर्मिती तुमची. खुणा तुम्हाला तोंडपाठ असतील की."

"अहो, चेष्टा कसली करताय? शनिवारी उद्घाटन आहे!"

"हो. पत्रिका मिळाली मला."

खुणा होत्या. प्रत्येक माळेच्या टोकाला एक चिठ्ठी, औषधांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेली, दोऱ्याने बांधलेली. एका बाजूला माळेचं नाव, दुसऱ्या बाजूला ती कुठे आणि कशी जोडायची ते. दादा येण्याआधी आठ दिवस जेवणाच्या टेबलावर बसून मी त्या एकेक कापून काढल्या. या पर्समध्ये आहेत. तीनशे बारा.

कापताना मी त्या पहिल्यांदाच वाचल्या. बाबांनी माळांना नंबर दिलेच नव्हते. तुमची नावं दिली होती.

ही बघा. 'इस्त्रीवाले. लवकर तापते. मध्ये विश्रांती द्या.' हसा, हसा, तुमचीच आहे. 'जुळ्या बहिणी. एक गेली की दुसरी जाते, दोघींना एकदम तपासा.' 'शिक्षिकाबाई. एकदा लागली की थांबत नाही, वेगळं बटण ठेवावं.' बाई, तुम्हीसुद्धा हसलात! 'नवीन सूनबाई. अजून बिचकते. हळू जोडा.' त्या सूनबाईंची मुलगी आता कॉलेजात जाते. चिठ्ठी तीच आहे. 'बेकरीवाला. सकाळी उत्तम, संध्याकाळी मंद.'

आणि ही माझ्या आईची. 'ही आता लागत नाही. तरी टांगायची. काढू नये.' म्हणजे आई गेल्यापासून अकरा वर्षं आमच्या खिडकीवर एक विझलेली माळ होती, आणि मी, त्याच खिडकीशी बसून भाजी निवडणारी मी, कधी वर पाहिलं नाही.

आता सांगा, पाहुणेसाहेब, मानपत्रावर कोणाचं नाव हवं? तुमची चूक नाही. तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही छापलंत.

खुणा माझ्याकडेच असणार हे ओळखून काल एक भाऊ घरी येऊन म्हणाले, "ताई, भांडण दादाशी, शिक्षा गल्लीला का?" रास्त प्रश्न आहे. भाऊ, तुम्ही त्या दिवशी फोटोत होतात. डावीकडून तिसरे. खुर्ची जाताना तुम्हाला दिसली. सगळ्यांना दिसली. कोणी म्हणालं का, "काका, तुम्ही मधे बसा"? मीही नाही म्हणाले. मी म्हणाले, "चला बाबा, थंडी आहे." थंडी नव्हती हो. मला लाज वाटत होती, आणि खोटं सांगायचं नाही तर हेही सांगते, की ती लाज दादांची नव्हती, बाबांची वाटत होती. त्यांच्या थरथरत्या हातांची. या वर्षभरात मी दादांवर जितकी चिडले, त्यातली निम्मी चीड माझ्याच वाटणीची आहे. पण माझं मी बघेन. मला कोणी मानपत्र देत नाहीये.

आधी ठरवलं होतं की सौदा करायचा. दादांनी माइकवर बाबांचं नाव घ्यावं आणि चिठ्ठ्या घेऊन जाव्यात. मग वाटलं, फ्यूज उडाला म्हणून घेतलेलं नाव मला काय करायचंय? नऊ महिने होते. दारासमोरून रोज जात होतात, दादा.

त्यामुळे चिठ्ठ्या मी माझ्याबरोबर नेतेय. शनिवारी बटण दाबायला पाहुण्यांनी जरूर यावं. काय लागेल, काय नाही, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असायला हवं, दादा. छंद आहे तुमचा.

फक्त एक चिठ्ठी देऊन जाते. मुख्य माळेची. छतावर जाणारी, जिच्यावर बाकीच्या सगळ्या माळा उभ्या आहेत. खरं सांगू? दादा, एका बाजूला तुमचं नाव असलेली ही चिठ्ठी सापडली तेव्हा मी हरखून गेले होते. म्हटलं, मागे बाबांनी याला काय नावं ठेवली असतील, तीच भर सभेत वाचेन आणि खाली बसेन. वाचते.

'शिडी हा मुलगा धरतो. याने धरली की मी खाली बघत नाही.'

पुठ्ठा पिवळा पडलाय, शाई मात्र नवी आहे. गेल्या वर्षी त्यांनी ती पुन्हा गिरवली. अक्षर थरथरलेलं आहे. खाली तारीख आहे, बोर्ड लागल्यानंतरची.

घ्या, दादा. हात पुढे करा. ही तुमचीच आहे, निर्मिती मात्र त्यांची.

बाई, घंटा व्हायच्या आत आवरते. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतक्या शांतपणे ऐकलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सांभाळून घ्या. जे केलंय ते मात्र जाणूनबुजून केलंय. त्याची माफी मागत नाही.

नमस्कार.