चौऱ्याऐंशीचा चषक कुणी घालवला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मिलचे मालक माननीय ऑर्मरॉडसाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले रेव्हरंड पिकप, थॉर्नशॉ रोव्हर्सचे आजी-माजी खेळाडू, ज्यांच्या सन्मानासाठी आपण जमलो ते श्री. गिल्बर्ट मॅक्रेडी, त्यांच्या पत्नी सौ. हॅना, आणि हॅम-चहा आटोपून आता भाषणं सोसायला बसलेल्या बंधुभगिनींनो,

परवा हा गिल्बर्ट, आपला गिब, बोटीत बसणार. बुडापेस्टच्या पोरांना फुटबॉल शिकवणार आणि त्याचा पगार घेणार! आमच्या वेळी खेळायचे पैसे घेणं हा गुन्हा होता. आता त्यासाठी परदेशातून बोलावणं येतं. गौरवाचे चार शब्द बोलायला समितीने मला उभं केलं, कारण गिबला सगळ्यात जास्त काळ ओळखणारा मीच. खरं आहे. पण याच माणसाबद्दल माझ्या पोटात सगळ्यात जास्त काळ दुखतंय, हे समितीला कुणी सांगितलं नसावं.

हसू नका. मी गंमत करत नाही.

अठराशे त्र्याऐंशी साली उजव्या बगलेला मी खेळायचो. चार वर्षं ती जागा माझी होती. आम्ही चेंडू पायात घेतला की जीव गेला तरी सोडत नसू. अशात हा स्कॉटलंडहून उतरला. पहिल्याच सामन्यात चेंडू त्याच्याकडे आला, त्याने तो दुसऱ्याला दिला आणि स्वतः रिकाम्या जागी पळाला. लोकांना वाटलं, घाबरला. मग चेंडू परत त्याच्याकडे आला आणि गोल झाला. पुढच्या शनिवारी मी कुंपणाबाहेर उभा. शेजारची म्हातारी म्हणाली, "ईनॉक, बरं झालं बाबा, आता तुलाही खेळ बघायला मिळेल." ती बाई गेली बिचारी. मी अजून तिला माफ केलेलं नाही.

तर नियम असा, की खेळाडू गावात काम करून पोट भरणारा हवा. म्हणून मिलच्या हजेरीपटावर गिब झाला विणकर. ऑर्मरॉडसाहेब, आपल्या वडिलांच्या काळची गोष्ट आहे, आपण खिडकीबाहेर पाहिलंत तरी चालेल. त्याने माग जन्मात पाहिला नव्हता. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत आम्ही परगण्याच्या चषकाच्या उपांत्य फेरीत पोचलो, आणि कुणीतरी तक्रार केली. फुटबॉल मंडळाची माणसं मिलमध्ये येऊन गिबचं काम बघणार, असा निरोप आला.

आमचा कप्तान जेब हॉल्ट माझ्याकडे आला. "ईनॉक, सहा दिवस आहेत. याला विणकर कर."

"माझ्या जागेवर खेळतो, आता माझं कामही देऊ?"

"लेका, गावाचा चषक आहे."

मी शिकवलं. माग चालू करणं, थांबवणं, तुटलेलं सूत सांधणं, गोंगाटात ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखणं, सगळं. पोरगा झटपट शिकला, त्याचाही मला राग आला. फक्त एक गोष्ट मी शिकवली नाही. इथल्या अर्ध्या सभागृहाच्या लक्षात आलंच असेल. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली, की सूत त्याच्या छिद्रातून बाहेर कसं काढतात?

बघा, पहिल्या रांगेतल्या बायकांनी तोंडाकडे हात नेले! छिद्राला ओठ लावायचे आणि श्वासाने सूत ओढायचं. आपल्याकडचं आठ वर्षांचं पोरही ते करतं. मंडळाच्या माणसांत एक जुना विणकर होता. त्याने रिकामा धोटा गिबच्या हातात दिला. "भर बघू." गिबने कांडी घातली आणि तो सुताचं टोक बोटांनी छिद्रात कोंबायला लागला. मी शेजारच्या मागावर होतो. तो माझ्याकडे बघत होता. मी ओठ नुसते पुढे केले असते तरी त्याला कळलं असतं. मी मान खाली घातली.

आपण चषकातून बाद झालो. गिबवर वर्षभराची बंदी आली आणि मला माझी जागा परत मिळाली. खेळायला मात्र एकही खरा सामना उरला नव्हता.

मला वाटलं, हा गाशा गुंडाळणार. हा उलट म्हणाला, "आता खरंच शिकतो." पलीकडच्या चार मागांवर हॅना होती. त्याआधीचे दोन उन्हाळे दर रविवारी प्रार्थनेनंतर ती माझ्याबरोबर फिरायला यायची. तिने त्याला धोटा भरायला शिकवलं आणि मला विचारलं, "ईनॉक, हे तू त्याला दाखवलं नव्हतंस?"

"राहून गेलं."

पुढच्या रविवारी ती फिरायला आली नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे. वर्षाने पैसे घेऊन खेळणं कायदेशीर झालं, गिब अकरा हंगाम खेळला, त्याने हॅनाशी लग्न केलं, आणि आज हे संगमरवरी घड्याळही त्यालाच. हॅना, खाली बघू नकोस. तू त्याला कधी सांगितलं नाहीस, हे मला ठाऊक आहे.

पण या बावीस वर्षांत क्लबच्या प्रत्येक वार्षिक जेवणाला हा उभा राहतो आणि म्हणतो, "चौऱ्याऐंशीचा चषक माझ्या अडाणीपणामुळे गेला, मला माफ करा." जेब हॉल्ट मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. जेवायला मी त्या दोघांच्या मध्ये बसायचो आणि मीठ इकडून तिकडे द्यायचो.

गिब, खाली बस. माझं संपलेलं नाही. "जाऊ दे रे ईनॉक" काय? तुझा हा चांगुलपणाच मला बावीस वर्षं जाळतोय!

समितीचे, चहा करणाऱ्या भगिनींचे आणि आपल्या सर्वांचे आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. जे मी मुद्दाम केलं, त्याची माफी सभेकडे नाही, गिब, तुझ्याकडे मागतो. आणि एक मागणं आहे. माझी जागा तू घेतलीस, टाळ्या घेतल्यास, हॅनाही तुझ्याबरोबर गेली. चौऱ्याऐंशीचा दोष तेवढा माझा स्वतःचा होता, तोही तूच आपला म्हणून मिरवत राहिलास. तो बुडापेस्टला नेऊ नकोस. माझा आहे, मला परत दे.