चार हजार वेढे आणि माझी लबाडी

माननीय अध्यक्षबाई, म्हणजे आपल्या वाद्यकारागीर मंडळाच्या प्रमुख. आग्रहाच्या बोलावण्याला मान देऊन वेळेच्याही आधी आलेल्या कानाच्या डॉक्टरीणबाई. "मी मागेच बरा" असं म्हणत अखेर पहिल्या रांगेत बसलेले आमचे मास्तर, ज्यांच्याकडे या सभागृहातली निम्मी मंडळी गिटार शिकली. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आज निवृत्त होणारा माझा सख्खा थोरला दादा. त्याच्या शेजारी बसलेल्या वहिनी. आणि समोर जमलेले वादक, कारागीर, गिऱ्हाईकं, शेजारीपाजारी, आप्त. आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्षबाईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षं ज्याच्या शेजारच्या टेबलावर बसले, त्याच्याबद्दल दहा मिनिटांत काय सांगणार? शिवाय माझ्या आधीच्या तिघा वक्त्यांनी दादाचे गुण सांगून संपवले, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त दोष उरलेत. त्यातला सगळ्यात मोठा दोष माझा स्वतःचा आहे. तो आज सांगून टाकायचा म्हणून मी उभी राहिले आहे. दादाची परवानगी घेतली आहे. वहिनींची घेतलेली नाही, पण त्या हसतायत, म्हणजे चालेल.

आमचे काही नातेवाईक इथे आहेत, ज्यांना आम्ही एवढी वर्षं नक्की काय करतो हे अजून कळलेलं नाही. मावशी, तुमच्यासाठी सांगते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांच्या खाली एक पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की हा पिकअप ती थरथर पकडतो आणि पुढे पाठवतो. वेढे जास्त झाले की आवाज जाड होतो, कमी झाले की टोकदार. हे वेढे दादा गुंडाळतो, जुन्या शिवणयंत्राच्या मोटरवर, तार दोन बोटांच्या चिमटीत धरून. पुढचं वायरिंग माझं. पिकअपपासून आवाजाच्या बटणापर्यंत सगळं सोल्डर मी करते आणि पाठीमागचं झाकणही मीच लावते. शेवटी दादा गिटार ॲम्प्लिफायरला जोडून ऐकतो आणि मान हलवतो. त्या मानेशिवाय आमच्याकडून एकही गिटार बाहेर गेलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी गिटारी परत यायला लागल्या. एक हॉटेलात वाजवणारा आला, म्हणाला, "ताई, वरच्या सुरांना कानात टाचणी टोचल्यासारखं होतंय." मी म्हटलं, याचा ॲम्प खराब असेल. मग दुसरा आला, तिसरी आली. तिघांचे ॲम्प एकदम कसे खराब होतील?

त्याच आठवड्यात आमच्या उभ्या ड्रिल मशीनचं बेअरिंग कोरडं पडलं. चालू केलं की अशी बारीक किंकाळी निघायची की पॉलिशवाल्या काकू कानांत बोटं घालून अंगणात जायच्या. दादा त्याच मशीनवर मान खाली घालून शांतपणे बत्तीस भोकं पाडत बसला. मी विचारलं, "याला तेल नको का?" तो म्हणाला, "कशाला? छान चाललंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारखान्यात बाकी सगळ्यांच्या कानांवर दादा जबरदस्तीने संरक्षक चढवायचा, स्वतः मात्र कधी घातले नाहीत. "कान झाकून कानाचं काम कसं करू?" असं त्याचं म्हणणं. वर्षानुवर्षं लाकूड कोरायचा राउटर आणि पॉलिशचं यंत्र उघड्या कानांनी चालवलं. घरी टीव्हीचा आवाज वाढत होता. वहिनी मला नंतर म्हणाल्या, "मला वाटलं हे माझं ऐकत नाहीत. नवरे ऐकत नाहीतच, त्यात डॉक्टरकडे काय न्यायचं?"

म्हणजे वरचे सूर दादाला ऐकू येत नव्हते. त्याला प्रत्येक पिकअप मेंगळट वाटायचा, म्हणून तो वेढे कमी करायचा, आणि लोकांच्या कानांत टाचण्या टोचायच्या.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? सरळ त्याच्यासमोर बसून सांगायला हवं होतं, हे इथल्या शाळकरी पोरांनाही कळेल. पण ज्याचं नाव त्याच्या कानामुळे झालं, त्याला "तुझा कान गेला" हे कोणत्या तोंडाने सांगू? मी लबाडी केली. आवाजाच्या बटणाखाली आवाज कमीजास्त करणारा जो पॉट असतो, तो आम्ही पाचशे किलोओहमचा लावतो. मी गुपचूप अडीचशेचा लावायला लागले. त्याने आवाजाची धार मरते. वरून बटण तेच, आणि झाकण माझ्याच हातात.

महिनाभर एकही तक्रार आली नाही. मी स्वतःवर खूश.

मग दादाने वेढे आणखी कमी केले. एका गुंडाळीवर मुळात पाच हजार असायचे, ते आता साडेचार हजारांवर आले. टाचण्या परत आल्या. मी एक छोटा कपॅसिटर जोडला, उरलेली धार अर्थिंगच्या तारेत घालवली. दादा चार हजारांवर आला. मी मनात म्हणायचे, अरे देवा, याचा कान दिवसेंदिवस जातोय. माझ्या दीड शहाण्या डोक्यात एकदाही आलं नाही की तो गिटार ऐकतो ती माझ्या वायरिंगनंतर. मी आवाज दाबायचे, तो दाबलेला आवाज ऐकून वेढे काढायचा, मी परत दाबायचे. दोन वर्षं आम्ही बहीणभाऊ एकाच दोरीची दोन टोकं ओढत होतो, आणि दोघांनाही वाटायचं की दोरी जड आहे.

दोन महिन्यांपूर्वी मास्तर आले. त्यांच्याकडची गिटार दादाच्या हातची पहिली. तिच्या एका पिकअपची तार आतून गंजून तुटली होती, मीटरचा काटा हलत नव्हता. अशा वेळी जुनी तार एका फटक्यात कापून टाकायची आणि नवी गुंडाळायची, ही दादाची पद्धत. एकदा कापलं की पहिलं काही उरत नाही. मास्तर म्हणाले, "बाकी काही नको, हिचा आवाज हिलाच परत द्या." आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

दादाने पातं हातात घेतलं आणि मला म्हणाला, "या वेळी हिला चारच हजार देतो. म्हणजे जरा जीव येईल."

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "दादा, थांब. तुला वरचं ऐकू येत नाही. दोन वर्षं येत नाहीये. आणि मी तुझ्यापासून लपवलं."

त्याने पातं खाली ठेवलं. माझ्याकडून पेचकस मागितला, पलीकडे तयार असलेल्या गिटारचं झाकण उघडलं आणि आत बघत राहिला.

"हा पॉट तू बदललास?"

"हो."

"आणि हा कपॅसिटर?"

"तोही मीच."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

दादा रागावला की आवाज चढवत नाही, हत्यारं ओळीने लावायला घेतो. मी हत्यारांकडे बघत उभी. पण तो स्टुलावर बसला, आणि मंडळी, त्याचे डोळे भरून आले.

म्हणाला, "अगं, मला वाटलं माझा हात गेला. जो गुंडाळावा तो पिकअप मेलेला. मॅग्नेट बदलले, तारेचं रीळ बदललं, काही फरक नाही. वाटलं, विद्याच निघून गेली. तुला कळलं तर तू खचशील, म्हणून बोललो नाही."

मला काय वाटलं असेल? ज्याला जपायला निघाले, त्यालाच मी दोन वर्षं रोज थोडं थोडं घाबरवत होते. आमची आई असती तर दोघांच्याही कानाखाली एकेक वाजवली असती. पण खरं सांगते, त्या क्षणी मला लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्यालाही वाटलं असावं, कारण त्याने लगेच चहा मागितला आणि दोन कप प्यायला.

मग आम्ही मास्तरांचा पिकअप केला. जुनी तार त्यानेच कापली, नवी त्यानेच गुंडाळली, पूर्ण पाच हजार. ऐकलं मी, पाचशेचा पॉट लावून. मास्तरांना आत बोलावलं. त्यांनी एक सूर छेडला, तो विरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "हां." मास्तरांना ओळखणाऱ्यांना कळेल की हे केवढं मोठं भाषण आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी दादाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आता त्याच्या कानात यंत्र आहे. ते लावून त्याने आमची मधल्या काळातली एक गिटार वाजवली. दोन मिनिटांत खाली ठेवून म्हणाला, "ना धड गोड, ना धड तिखट. हे कोणी केलं?" मी म्हटलं, "दोघांनी मिळून."

आणि तरी तो निवृत्त का होतोय, असं बरेच जण विचारतात. मीही विचारलं. तो म्हणाला, "तेव्हा थांबलो असतो तर पळून गेल्यासारखं झालं असतं. आता खुशाल थांबता येतं."

आपण सगळे आलात, माझी कबुली शांतपणे ऐकलीत, त्याबद्दल मी आपली, मंडळाची आणि या सभागृहाच्या व्यवस्थापकांची ऋणी आहे. बोलण्यात कुठे कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पण गिटारींचं तेवढं पोटात घालू नका. त्या दोन वर्षांत ज्यांनी आमच्याकडून गिटार नेली त्यांनी ती घेऊन यावी. आम्ही ती उघडू, पिकअप नव्याने गुंडाळू, पॉट बदलू. तेवढं होईपर्यंत दादा सकाळी येणार आहे, निरोप समारंभ झाला असला तरी.

आणि दादा, यंत्र चालू आहे ना? मग एकच वाक्य, दोन वर्षं उशिरा. तुझा हात कधीच गेला नव्हता.